सर्टिफिकेटचा खिळा

१९५६ साली राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि त्याच दिवाळीच्या तोंडावर शालिग्रामशेठच्या गावातल्या लालबागेतल्या कापडमागांच्या शेडात त्यांचा जावई सुधाकर आला. दोन्ही वेळा कडूला कोणी विचारलं नाही.

कडू दहा वर्षांपासून शेडातलं तेलाचं इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर सांभाळत होता. त्या विजेवर चोवीस माग चालत. सुधाकरनं आल्या आल्या इंजिनघराच्या भिंतीत भला मोठा खिळा ठोकला, त्यावर आपलं वीजकामाचं सर्टिफिकेट टांगलं आणि सासऱ्याला म्हणाला, "मामा, आता नवं राज्य आहे. अंगठेबहाद्दर माणूस मशीनवर चालायचा नाही. पाडव्याच्या मुहूर्तापासून मी बघतो. याला कांड्या भरायला बसवा."

धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायचं काम बायकांचं. कडूची बायको मथुराबाई तेच करत होती.

"या," ती म्हणाली, "बांगड्या पण देऊ का?"

कडू तिच्याशेजारी बसला. पण सूत त्याच्या बोटांत राहीना.

सणासाठी यंत्र बंद होतं. सुधाकरनं ते स्वतः पुसलं. अल्टरनेटरच्या मोठ्या यंत्राच्या शेपटाला एक छोटं यंत्र होतं आणि त्यातून दोन तारा मोठ्याच्या पोटात गेलेल्या. "बघा मामा, चोरी! मशीननं वीज द्यायची का खायची? हे बांडगूळ आहे." त्यानं दोन्ही तारा सोडवल्या, नीट गुंडाळल्या आणि वर कुंकूही लावलं.

पाडव्याच्या सकाळी झेंडूची माळ लागली, पेढे आले. केळ्यांचे व्यापारी मोतीलाल पाहुणे होते. सुधाकरनं भाषण केलं, "चुंबक फिरलं की शेजारच्या तारेत वीज उमटते. हे शास्त्र आहे." आणि इंजिन सुरू झालं. पट्टा पळू लागला. दारावरचा दिवा काही लागेना. त्यानं वेग वाढवला. पट्टा किंचाळला, दिवा ढिम्म.

"लाइट येऊ राहिला का जाऊ राहिला?" तिसरा पेढा तोंडात टाकत मोतीलालनं विचारलं.

"ऊन आहे ना, दिसत नाही," सुधाकर म्हणाला.

"आन माग? ते पण उनानं बंद का?"

शालिग्रामशेठ घामाघूम झाले. "कडू, अरे बघ ना जरा!"

"कांड्या भरू राहिलो, शेठ. हुकूम आहे."

"ऊठ रे बाबा!"

कडू उठला. त्यानं इंजिन बंद केलं, भिंतीवरचं सर्टिफिकेट काढून सुधाकरच्या हातात दिलं, "धरा," आणि पकडीनं खिळा उपटला.

"जावईबापू, चुंबक फिरतं म्हणालात. दाखवा."

सुधाकरनं अल्टरनेटरच्या फिरत्या भागाच्या लोखंडाकडे बोट केलं. कडूनं खिळा तिथं टेकवला. खिळा खणकन खाली.

"हे नुसतं लोखंड. याला तार गुंडाळलेली. त्या तारेत जराशी वीज सोडली की याचं चुंबक होतं. ती वीज तुमचं बांडगूळ देत होतं." मग त्यानं बाहेर उभ्या असलेल्या मोतीलालच्या केळ्यांच्या ट्रकमधली बॅटरी आणून मोठ्या यंत्राच्या पोटात जाणाऱ्या तारांना लावली. आता खिळा असा चिकटला की ओढून काढावा लागला.

"आन मग?" मोतीलाल पुढे सरकले.

"मग हे फिरतं. चुंबकाचं एक तोंड बाजूच्या तारेपुढून गेलं की वीज इकडे, दुसरं गेलं की तिकडे. मागातल्या धोट्यासारखी. धोटा नुसता इकडून तिकडे पळतो, कुठं पोचत नाही. कापड मात्र निघतं."

"आता आमच्या भोपाळच्या सरकारी चकरांतून ते पण निघायचं नाही," मोतीलाल म्हणाले.

बॅटरी काढून कडूनं छोट्या यंत्राच्या तारा हातात घेतल्या. आणि तसाच थांबला.

"शेठ, उद्या मी कुठं बसू?"

शेठनी जावयाकडे पाहिलं. तो सर्टिफिकेट छातीशी धरून उभा होता. मग त्यांनी चोवीस मुक्या मागांकडे पाहिलं.

"इथंच," ते पुटपुटले.

"मोठ्यानं बोला. मथुरेला ऐकू गेलं नाही."

"इथंच रे, मशीनवर!"

कडूनं तारा आवळल्या. इंजिन धडधडलं. दिवा आधी लालसर झाला, मग पिवळा, मग पांढराफेक. माग खडखडू लागले.

"थिअरी मी सांगितली तीच आहे," सुधाकर ओरडून सांगत होता. मागांच्या आवाजात कोणाला ऐकू आलं नाही. शेवटी तो सर्टिफिकेट टांगायला भिंतीकडे वळला.

खिळा पुन्हा जागच्या जागी ठोकलेला होता. त्यावर कडूचा तेलकट फडका लटकत होता.