लिमलेटच्या गोळीवर पास

बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी दोनदा आपटलो होतो. तिसऱ्यांदा आपटलो तर शिरपूरला परत येऊन कापूस वेचायचा, असं वडिलांनी पोस्टकार्डावर कळवलं होतं. एरवी ते पत्र लिहीत नसत.

धुळ्यात मी भागाआक्कांकडे खोली घेऊन राहत होतो. त्या घरीच लिमलेटच्या गोळ्या करत. १९८८ साली परीक्षेच्या सकाळी त्यांनी पाक उतरवून ठेवला आणि आक्का ताटाला तूप लावायला वळल्या. मी शेजारीच घोकत होतो : स्फटिकी पदार्थात कणांची मांडणी नियमित असते, अस्फटिकीत नसते. घोकताना हाताला चाळा लागतो. मी पाकात पळी फिरवत बसलो. पाहता पाहता काचेसारखा पाक पांढरा झाला, रवाळ झाला.

"अभिमन! पळी कोनी फिरायी?"

मी पळीकडे पाहिलं. ती माझ्याच हातात होती.

"पाक थंडा व्हस तवय त्याले हात लावानं नही! ढवळं की कण रांग धरतस. गुपचूप ताटमा ओत ना, मंग जो जठे शे तो तठेच थिजस. बठ्ठा पाकनी साखर करी टाकी भो तू!" यापुढचं छापण्यासारखं नव्हतं.

दुपारी जळगावहून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच फरक विचारला. घोकलेलं सगळं गेलं. डोक्यात फक्त आक्कांच्या शिव्या. न छापण्यासारखं वगळून मी त्याच सांगितल्या : खडीसाखरेत कण रांग धरतात, लिमलेटमध्ये जो जिथे असतो तो तिथेच थिजतो.

परीक्षकांनी चष्मा काढला. "बरं. आणि तापवल्यावर?"

"लिमलेट उन्हाळ्यात बरणीत हळूहळू बसकण मारते, सर. ती नेमकी कधी मऊ झाली, सांगता येत नाही. खडीसाखर मात्र मे महिन्यातही कोन सोडत नाही."

"हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, सर. घरमालकीणबाईंनी सांगितलं. ओरडून."

ते हसले आणि वीसपैकी बारा दिले. पास व्हायला आठ लागत.

मी सायकल तशीच खोलीकडे पिटाळली. आक्का बिघडलेली साखर पाण्यात विरघळवून, पुन्हा आटवून, ताटात ओतून तिच्या गोळ्या कापत होत्या.

"आक्का, पास झालो. तुमच्यामुळे."

"मन्हामुळे? मी त तुले शिव्याच दिध्यात."

"त्याच कामाला आल्या."

माझ्याकडे संशयाने पाहत त्यांनी ताटातली नुकतीच कापलेली गोळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. चांगलाच चटका बसला. मी हात मागे घेतला नाही.