लाल आकड्यावर चुना

मालगाड्यांसाठी वेगळा लोहमार्ग साओ पावलोच्या पूर्वेकडच्या उपनगरातून जाणार असं ठरलं, आणि आड येणाऱ्या घरांची मोजणी करून सरकारी माणसं त्यांच्यावर लाल आकडे रंगवून गेली. आकडा असेल त्याला नव्या इमारतीत घर. पण दाराशेजारचे ते लाल फराटे बघून इव्हानिल्देच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेल्यांनी गुरांसारखा डाग दिला माझ्या घराला!

त्यातच लेकीचा, जुसाराचा, पंधरावा वाढदिवस आला. तिथल्या रिवाजात पंधराव्याला पोरीची बाई होते, सगळी वस्ती नटूनथटून दाराशी येते. अशा दिवशी लाल आकडा? छे! इव्हानिल्देने चुना कालवला आणि अख्खी भिंत पांढरीशुभ्र केली.

"साहेबाची सही पुसलीस की गं!" शेजारचा वाल्दोमिरो हसला.

"पुसली तर पुसली. घर काय पळून जातंय?"

पुढे ठेकेदार बदलला. जुने कागद कुणाकडेच नव्हते. नवा साहेब भिंतीवरची खूण बघायचा आणि लिहायचा, बस.

"बाई, इथे खूण नाही. म्हणजे घर मोजणीनंतरचं. त्याबदली नवं घर मिळणार नाही."

"अहो, माझी पोर जन्मली या घरात!"

"साक्ष कोण देईल?"

इव्हानिल्देला हायसं वाटलं. मोजणीच्या कितीतरी आधी तिच्या छताचा स्लॅब ओतला त्या रविवारी वाल्दोमिरोनेच खांद्यावरून माल वाहिला होता, वर काळ्या घेवड्याचं कालवण दोनदा मागून घेतलं होतं.

"वाल्दोमिरोभाऊ, सांगा की यांना!"

वाल्दोमिरो दारातच घुटमळला. मोजणीच्या आदल्या आठवड्यात त्याने एका घरात आडवी भिंत घालून दुसरं दार फोडलं होतं. एकाची दोन घरं, दोन आकडे. साक्ष द्यायची तर साहेब त्याच्या घराकडेही नीट बघणार.

"मी दिवसभर कामावर असतो, साहेब," तो चपलांकडे बघत पुटपुटला. "कोण कधी आलं, मला काय ठाऊक?"

इव्हानिल्देच्या पायाखालची जमीन सरकली. त्याची ती आडवी भिंत तिला ठाऊक होती. एक शब्द, आणि त्याचंही वाटोळं झालं असतं. जीभ शिवशिवली. तेवढ्यात त्या दुसऱ्या दारातून त्याची सून पोटाशी हात धरून बाहेर आली, दिवस भरत आलेली.

"जाऊ द्या साहेब," इव्हानिल्दे म्हणाली. "नसेल त्यांना ठाऊक."

साहेब पुढच्या दाराकडे वळला. वाल्दोमिरोने मान वर केली नाही.

"आई, आता आपण जायचं कुठे?" जुसाराने विचारलं.

इव्हानिल्दे भांडी बांधायला आत गेली.