दमट चुरा

आमच्या कारखान्यात घरोघरच्या दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या बाटल्या, फुटक्या बादल्या येतात आणि बाकड्यांच्या फळ्या होऊन बाहेर पडतात. वीस वर्षं काही होणार नाही, असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. दवाखान्याच्या आवारातल्या बाकड्याची फळी मात्र तीन महिन्यांत मोडली, आणि तिच्याबरोबर एका म्हातारबाबांचं मनगट.

मालकांनी विचारलं तेव्हा मी, साच्यावरचा माणूस, पटकन बोलून गेलो, "निवडताना भलतं प्लास्टिक आलं असणार."

निवडणीच्या टेबलावर तेव्हा माझ्या सासूबाई बसायच्या. तुकड्यावर नुसतं नख ओढलं की तो कसला, हे त्यांना कळतं. बाकीच्या बायका अडल्या की त्यांनाच विचारायच्या. हे ठाऊक असूनही मी त्यांच्यावर ढकललं, कारण खरं काय झालं ते मला पक्कं माहीत होतं. धुतलेला प्लास्टिकचा चुरा वाळवणीच्या यंत्रात दोन तास फिरवायचा असतो. मी तो अर्ध्या तासात काढला होता. घरी जाऊन मॅच बघायची होती. सासूबाईंनी चुऱ्यात हात घालून सांगितलंही होतं, "जावईबापू, माल दमट आहे अजून."

"तुम्ही तुमचं टेबल सांभाळा," मी म्हणालो होतो. तेही चारचौघींसमोर.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मोडकी फळी सगळ्यांदेखत करवतीनं कापली. आत पावासारखी जाळी पडली होती. भलत्या प्लास्टिकचा कणही नव्हता. ओल राहिली, तिची वाफ झाली, वाफेचे बुडबुडे आत अडकले. माझे कान तापले.

"ओला माल साच्यात कुणी घालायला लावला?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मीच साहेब. वाळलाय म्हणून मीच सांगितलं यांना."

लेकीचा संसार डोळ्यांपुढे आला असणार, दुसरं काय!

"नाही साहेब, चूक माझी आहे," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सासूसाठी एवढं अंगावर घेणारा जावई पहिल्यांदाच बघतोय! पण मावशी, उद्यापासून तुम्ही धुण्याच्या हौदावर."

पुन्हा सांगायला हवं होतं. अर्धा तास, मॅच, सगळं. दोन वाक्यांचं काम. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो माझा विनय वाटला. सुटलो, असंही वाटलं मला. त्याचीच जास्त लाज वाटते.

आता त्या दिवसभर गार पाण्यात उभ्या असतात. बोटं सुजलीत. परवा मी दोन तास पुरे फिरवलेला चुरा घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"जरा हात घालून बघता का? वाळलाय ना?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला काय कळतंय त्यातलं, जावईबापू? मी आपला माझा हौद सांभाळते."