काचेआडची फिरती ढाल

मित्रांनो, जिने आयुष्यात एकही वार झेलला नाही, अशी एक जुनी ढाल मी आहे. बक्षीस म्हणून देतात ना, तसल्या ढालींपैकी. पण माझं बक्षीस मुलांसाठी नाही. तुमच्या आईएवढ्या, आजोबांएवढ्या माणसांनी उशिरा का होईना पाटी हातात घेतली, तर त्यांच्या वर्गाचं कौतुक व्हावं म्हणून मला घडवलं.

माझा जन्म गोरेगावचा, एका छोट्याशा गाळ्यातला. शेजारच्या गाळ्यात सिनेमासाठी ढाली-तलवारी बनायच्या. त्या फायबरच्या, दिसायला माझ्याहून कितीतरी भारी. मी मात्र सागाची. माझ्या कारागिराने फळी कापली, रंधा मारला, पॉलिशचे हात दिले आणि मधोमध पितळेची सरस्वती बसवली. तिच्या वीणेच्या तारासुद्धा त्याने कोरल्या. तिच्याभोवती गोल ओळीत त्याने कोऱ्या पितळी पट्ट्या ठोकल्या. मला न्यायला आलेल्या शिक्षकांना तो म्हणाला, "माझं काम झालं. पट्ट्या भरायचं काम तुमचं."

ते शिक्षक होते उपनगरांतल्या प्रौढ वर्गांचे. त्यांचा एक छोटासा संघ होता. संघाने माझ्यासाठी एकच नियम केला. परीक्षक नाहीत, गुण नाहीत. मी ज्या वर्गाकडे असेन, त्या वर्गाने दुसऱ्या एखाद्या वर्गात जायचं, तिथे बसायचं, बघायचं आणि चांगला वाटला तर त्याचं नाव संघाला सुचवायचं. स्वतःचं नाव सुचवायचं नाही. मग वसंत पंचमीला त्या वर्गाच्या हाती मला आपल्या हाताने द्यायचं आणि माझ्या एका पट्टीवर त्याचं नाव कोरायचं. दुसऱ्याचं चांगलं बघायला शिकणं हाही अभ्यासच आहे, असं संघातल्या थोरल्यांचं म्हणणं होतं.

काय सुखाचे दिवस होते ते! अंधेरीला इमारतीच्या पार्किंगमध्ये वॉचमन आणि ड्रायव्हरांचा वर्ग भरायचा, तिथे मी खांबाला सुतळीने लटकले. चेंबूरला एका शिवणवर्गाच्या टेबलावर राहिले. ट्रॉम्बेच्या कोळणी मासळी विकून आल्या की ओल्या हातानेच माझ्या पट्ट्यांवर बोट फिरवायच्या आणि मोठ्याने वाचायच्या, "अं-धे-री. चें-बू-र." पहिला शब्द वाचता आला की एकमेकींच्या पाठीत धपाटे घालायच्या. तिथेच माझा एक कोपरा उडाला. त्यांनी तो चिकटवून दिला. त्या खुणेचं मला कधी वाईट वाटलं नाही.

ट्रॉम्बेच्या बायकांनी मुलुंडचा वर्ग बघितला, त्याचं नाव सुचवलं आणि मी मुलुंडला आले.

तिथल्या एका सोसायटीत महिला मंडळाचा हॉल आहे. दुपारच्या वेळी घरकाम करणाऱ्या बायकांना दर्शनाताई तिथे शिकवायच्या. हॉल मंडळाचा आणि मंडळ शुभाकाकूंचं. काकू म्हणजे साधी, सात्त्विक बाई. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेणार नाहीत, कुणाला वावगं बोलणार नाहीत, आणि एकदा बोललेला नेम काही झालं तरी मोडणार नाहीत. मला बघताच त्यांनी हात जोडले.

"अगं दर्शना, ही बक्षिसाची ढाल कुठली? साक्षात शारदा चालत आली आपल्याकडे!"

त्याच दुपारी त्यांनी मला हळदकुंकू लावलं, हार घातला, समई लावली आणि सगळ्यांसमोर नेम बोलल्या, "रोज हिच्यापुढे दिवा लावीन."

मला आवडलं. खोटं कशाला सांगू? आजवर सुतळीला लटकलेली मी, आता माझ्यापुढे दिवा तेवत होता. पण मग कुणाचा धक्का लागू नये म्हणून काकूंनी काचेचं कपाट करून घेतलं. मला आत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. त्या कुलपाचा खटका अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस सांगायला जड जातात. काचेपलीकडे वर्ग भरायचा. कुणी 'कमळ' लिहायची, कुणी फळ्यापाशी लाजून उभी राहायची. मी एवढ्या जवळ, पण माझ्या पट्ट्यांवर बोट कुणाचं फिरायचं नाही. आत कापराचा धूर कोंडायचा. शिळ्या फुलांचं पाणी फळीत मुरायचं. वीणेच्या तारांत कुंकू बसलं, मग पट्ट्यांवर थर चढले. दिव्याच्या काजळीने काच हळूहळू धुरकटली आणि समोरच्या बायका मला सावल्यांसारख्या दिसू लागल्या.

वसंत पंचमी यायची. मी कान लावून बसायची, की आता रिक्षा येऊन थांबेल, कुणीतरी मला जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेईल. रिक्षा यायची, पण ती कुणा दुसऱ्यासाठीच.

दर्शनाताई एकदा चाचरत म्हणाल्या, "काकू, संघातून फोन आला होता. यंदा आपण कुणाचं तरी नाव सुचवायला हवं ना."

"सुचवू की गं," काकू वात सारखी करत म्हणाल्या. "पण नाव सुचवलं की देवी द्यावी लागणार. बसलेली देवी उठवायची कशी? आणि माझा नेम आहे ना, बाई."

दर्शनाताईंनी विषय तिथेच सोडला. हॉल मंडळाचा होता ना! पुढच्या साली त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. मग संघाचे फोनही थांबले. मी फिरत होते म्हणून एक वर्ग दुसऱ्या वर्गाकडे जात होता. मी अडकले तसं ते जाणं-येणंही अडकलं. कुठल्या गल्लीत कोण शिकतंय, कोण शिकवतंय, हे कुणी कुणाला विचारेनासं झालं.

तुम्हाला एक सांगू? कोंडणारा दुष्ट असेल तर त्याच्यावर रागावता तरी येतं. मला कोंडणारे हात मला रोज फूल वाहत होते. मी रागवायचं कुणावर?

अशीच वर्षं गेली. यंदा संक्रांतीनंतर हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. त्यात दोन अनोळखी बायका आल्या. एक अनुपमा, घाटकोपरच्या टेकडीवर संध्याकाळचा वर्ग चालवणारी. दुसरी तिच्या वर्गात शिकणारी मालन, मूळची मालवणकडची, घरोघर पोळ्या करणारी. काकूंनी त्यांना हळदकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. अनुपमाने तो तोंडात टाकायच्या आधीच विषय काढला.

"काकू, एक मागायला आलोय. आमचा वर्ग एका मित्रमंडळाच्या खोलीत भरतो. आता मंडळाच्या भाऊंना ती खोली डेकोरेशनच्या सामानासाठी हवीय. खोली गेली की वर्ग संपला. दुसरी जागाच नाही हो टेकडीवर."

"भाऊ म्हणता कसो," मालन मध्येच म्हणाली, "'वर्ग वर्ग करताय, पण तुमका बाहेर कोण इचारता काय? ती फिरती ढाल आणून दाखवा, खोली तुमची. नायतर वसंत पंचमीनंतर कुलूप.'"

अनुपमा म्हणाली, "तुमच्यापैकी कुणी एकदा येऊन आमचा वर्ग बघा. नाही आवडला तर नका सुचवू. पण बघायला तरी या."

सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या. काकूंचा चेहरा कसनुसा झाला.

"बाई गं, तुमची खोली राहावी असं मला का वाटत नाही? पण ही देवी... माझा दिव्याचा नेम आहे. असं करू का? मी तुम्हाला नवी ढाल करून देते. अगदी अशीच, नवीकोरी!"

"नवी नको, काकू," मालन म्हणाली. "नव्या ढालीर आमचाच एकट्याचा नाव. हिच्यार सगळ्यांची नावां असत ना? त्या पंगतीत बसूचां आसा आमका."

असं म्हणून ती सरळ माझ्यासमोर आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. मित्रांनो, किती वर्षांनी कुणीतरी मला वाचायला आलं होतं!

"माका वाचूक येता आता. थांबा हां. अं... नाय. ह्या काय? काय दिसना नाय." ती मागे वळली. "काकू, कुंकवान अक्षरां बुजली!"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दिसलं ते तिने सांगितलं. काकू उठल्या. जुडग्यातून त्यांनी किल्ली काढली. कुलूप निघालं. काकूंनी पदराच्या टोकाने एक पट्टी पुसली, मग नखाने खरवडली. वाळलेल्या कुंकवाची खपली पडली.

"ट्रॉ... म्बे," मालनने वाचलं आणि टाळी वाजवली. "आवशीक खाव! माझ्या भयणीक थंयच दिला हा!"

तिची बहीण नेमकी ट्रॉम्बेलाच दिलेली! सगळ्या बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. आपल्या लाल झालेल्या नखाकडे बघत त्या अगदी हळू म्हणाल्या, "सरस्वतीची पूजा करता करता मी अक्षरंच झाकून टाकली की गं."

मला वाटलं, झालं, सुटले! पण काकूंनी कपाट पुन्हा लावलं. खटका वाजला. अनुपमा आणि मालन उत्तर न घेताच गेल्या. दारापाशी मालनने एकदा वळून पाहिलं.

पुढचे दिवस सगळ्यात कठीण होते. आशा नव्हती तेव्हा कोंडून राहण्याची सवय झाली होती. आता एक पट्टी उघडी पडली होती आणि तिला उजेड लागत होता. काकू रोज यायच्या, दिवा लावायच्या. कुंकू मात्र वाहायच्या नाहीत. हात जोडून नुसत्या उभ्या राहायच्या. आणि वसंत पंचमी जवळ येत होती.

एकदा दिवा लावायला काकू रात्री उशिरा आल्या, त्या दर्शनाताईंच्या खांद्याला धरून. साडीच्या काठाला लाल माती लागली होती. खुर्चीत टेकत त्या म्हणाल्या, "काय चढण गं ती टेकडीची! पण बरं झालं गेलो. दारात त्या चपला कशा ठेवतात बघितलंस? प्रत्येकीने जमिनीवर खडूने आपलं नाव लिहिलंय आणि तिथेच आपली चप्पल. मालनने माझंही नाव लिहिलं. म्हणाली, 'काकू, नावाशिवाय चप्पल ठेवूक देत नाय हयसर.'"

"हो ना. आणि ती म्हातारी कशी सगळ्यांना दरडावत होती, 'फळ्यासमोरून सरा गो!'" दर्शनाताई हसल्या. मग त्यांनी विचारलं, "पण काकू, तुमचा नेम?"

काकूंनी दिव्याची वात पुढे सारली.

"नेम मोडायचा नसतो, दर्शना. पण व्रताचं उद्यापन करतात ना? उद्यापन झालं नाही तर व्रत पुरं कुठे होतं? एवढं साधं मी विसरले. माझा जीव अडकला होता हिच्यात, त्याला मी नेम म्हणत बसले." मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आणि दिवस कुठले आहेत? हळदीकुंकवाचे. वाण लुटायचं असतं गं, कपाटात ठेवायचं नसतं. लाव तो संघाला फोन. सांग, घाटकोपरच्या वर्गाचं नाव आम्ही सुचवतोय."

वसंत पंचमीला काकूंनी माझी पूजा केली, आरती केली आणि उद्यापनाचा नैवेद्य वर्गातल्या सगळ्या बायकांना वाढला. मग पदर खोचून, चिंच घेऊन स्वतः बसल्या. एकेक पट्टी घासली. वीणेच्या तारांतलं कुंकू काडीने काढलं. अंधेरी, चेंबूर, ट्रॉम्बे, मुलुंड अशी एकेक नावं उजळत गेली, आणि मला माझंच आयुष्य परत मिळाल्यासारखं वाटलं. निघताना त्यांनी मला आपल्या सुती साडीत गुंडाळलं. रिक्षात मला मांडीवर घेऊन बसल्या आणि वाटभर माझ्या तुटक्या कोपऱ्यावरून हात फिरवत होत्या.

टेकडीवरच्या खोलीत सगळ्या जमल्या होत्या. काकूंनी मालनला हळदकुंकू लावलं आणि वाण म्हणून मला तिच्या पदरात घातलं.

"पुढच्या वर्षी तुम्हीही कुणाकडे तरी जाऊन बसा हं," त्या म्हणाल्या. "आता हा नेम तुमचा."

तेवढ्यात भाऊ आले. मागे दोन पोरं घामाघूम, आणि त्यांच्या हातांत काय असेल? काचेचं कपाट! मला तो जुना खटका पुन्हा ऐकू आला.

"बघा, दिला शब्द पाळला. खोली तुमची," भाऊ ऐटीत म्हणाले. "आणि आता ही ढाल म्हणजे मंडळाची इज्जत. काच आहे, कुलूप आहे, एकदम झकास!"

मालनने कपाट उघडून बघितलं, बंद करून बघितलं.

"भाऊ, कपाट बरा आसा. पुस्तकां ठेवूक होयाच होता. कुलूप तेवढा घेवन जावा."

"अगं, मग ढाल?"

"ती भिंतीर. हात पोचात थंय." तिने तळवा पुढे केला. "आणि कुलूप नेतास तर खोलीची चावी हय द्या."

हसत हसत भाऊंनी खिशातून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, आता मी फळ्याशेजारी एका खिळ्यावर आहे, आणि मुलुंडच्या शेजारच्या पट्टीवर 'घाटकोपर' कोरलंय. माझ्यावर खडूची धूळ बसते, बोटांचे ठसे उमटतात, आणि दिवसातून एकदा तरी कुणीतरी मला मोठ्याने वाचतं. कौतुकाच्या वस्तूवर प्रेम करा, तिला पुसा, जपा, हवं तर हातही जोडा. पण तिला कोंडू नका. आणि तुमच्या शेजारच्या गल्लीत, एखाद्या पार्किंगमध्ये, एखाद्या हॉलच्या कोपऱ्यात मोठी माणसं वाकून अक्षरं गिरवत असतील, तर घटकाभर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि चार जणांना त्यांचं नाव सांगा. माझ्यावर अजून काही पट्ट्या कोऱ्या आहेत. कुणीतरी उठून बघायला गेल्याशिवाय त्या भरत नाहीत.