तानुमावशीपुढच्या दोन वाट्या

मेलेल्या माणसावरून जळू नये, हे शकुनलाही कळत होतं. कळून काय उपयोग? अकोटला माहेरी पाय ठेवल्यापासून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

तिची माय, मनकर्णाबाई, नव्वदीला टेकून गेली. त्यानंतरची ही पहिली अखजी. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वऱ्हाडात पितरांना जेवू घालतात. गेलेल्या बाईच्या नावानं तिच्या बरोबरीच्या एखाद्या बाईला पाटावर बसवायचं. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. तर त्या पाटापुढं कुणाच्या हातचं वाढायचं, यात शकुनचा जीव अडकला होता. त्यासाठी गुडघे ठणकत असताना ती बडनेऱ्याहून आदल्या दिवशीच एसटीनं आली.

आल्या आल्या काय ऐकलं? शेजारची पार्बताबाई ओट्यावर बसून भावजयीचे गोडवे गात होती. "गीतांजलीनं लय केलं व बुढीचं. पोटची पोर करनार नाही असं केलं."

पोटची पोर समोर पिशवी घेऊन उभी, पण त्या बाईला काही आहे का लाज? आणि गीतांजली अशी मान खाली घालून हसली, की शकुनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर तिला ट्रेमधून चहा आणून दिला, पाहुणीला देतात तसा.

केलं असेल हो, नाही कोण म्हणतं. शेवटची वर्षं न्हाऊ घातलं, मऊ भात भरवला. पण ती म्हातारी झालेली माय. शकुनची माय वेगळी होती. चुलीवर भाकर टाकता टाकता पायानं पाळणा हलवणारी. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांच्या शिदोऱ्या बांधून देणारी, आणि स्वतः कढईला लागलेलं भाकरीनं पुसून खाणारी. बाप महादेवराव महाखवचट, मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. त्या माणसाला तिनं उभी हयात जेवू घातलं आणि एक दिवस 'थकली' म्हणाली नाही. लहानग्या शकुनला मांडीवर घेऊन, तिच्या हातावर हात ठेवून चिंच कोळायला शिकवलं ते तिनंच. ती माय गीतांजलीनं पाहिली तरी होती का?

"चिंचवणी मी करीन," शकुननं सांगून टाकलं. अखजीला कुरडईशी खायला गूळ घातलेली चिंचवणी लागतेच, आणि मायच्या चिंचवणीचं तर गल्लीत नाव होतं.

"ताई, मी चिच भिजू घातली हाय," गीतांजली म्हणाली.

"राहू दे भिजून. मायच्या हातचं मले ठाव हाय."

"मी बी बावीस वर्ष तिच्याच हाताखाली होती."

"हाताखाली होती. पोटी नोती."

शकुनचा भाऊ जीवन तिथंच बसला होता. त्यानं पेपरात तोंड घातलं. दोघींच्या मध्ये पडायला तो काही खुळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाटावर तानुमावशी बसली. फुलमळ्यांच्या घरची, मायची जन्माची मैत्रीण. दोघींनी उभं आयुष्य दुपारी एकाच उंबऱ्यावर बसून गावाची उणीदुणी काढलेली. पानात पुरणपोळी, वडे, कुरडई आणि चिंचवणीच्या दोन वाट्या. कुठली कुणाची ते सांगायचं नाही, हे शकुननंच ठरवलं होतं. होऊन जाऊ दे एकदाचं. तिला आपली खात्री होती.

तानुमावशीनं डाव्या वाटीत कुरडई बुडवली, तोंडात घातली आणि डोळे मिटले. "मनकर्णा," एवढंच म्हणाली. ती वाटी गीतांजलीची होती.

मग उजवी. मावशी थांबली, तिच्या जिभेला बडीशेप लागली होती. "ह्यात सोप हाय."

"मंग? माय टाकेच सोप," शकुन म्हणाली.

"कधी व? जन्मात नाही टाकली. हे तुह्या सासूचं. तिनं डबा धाडला होता एकडाव, तवा चाखलं म्या."

कधी शिरली ही सोप? सासूच्या स्वयंपाकघरात रोज रांधता रांधता हात कधी फिरला, तिला पत्ताच लागला नाही. आणि हे कळायचं ते भावजयीसमोर. ती डावी वाटी उचलून मोरीत ओतावी असं तिला वाटलं.

"मायले माईत होतं?" तिनं कसंबसं विचारलं.

"माईत नसन? तू दिवाळीले ये, रांधून जाय, का दोन दिवस धुसफुस करे माह्यापाशी. म्हने, मी पोरीले हात धरून शिकवलं, अन् इहीनबाईनं तो हातच चोरून नेला. लय जळे तुह्या सासूवर."

जन्मभर साऱ्यांना वाढणारी, कुणाला वाकडा शब्द न बोललेली माय, आणि ती शकुनपायी जळत होती. शकुनला रडू फुटलं. आणि खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं.

"मंग म्या केलेलं खाये काहून?"

"जळे अन् खाये. वाटी पुसून खाये."

"मले तं चाखू बी देत नोती," गीतांजली मध्येच म्हणाली. "तुमी गेल्यावर उरलंसुरलं आपल्या कपाटात ठेवे, कुलूप लावून. म्या एकडाव मांगतलं तं म्हने, माह्या पोरीच्या हातचं हाय, तुले पायजे तं तू कर." तिनं रिकामी वाटी पुढं केली. "आज तरी वाढा, ताई."

शकुननं पळी उचलली. पातेल्यात चिंचवणी पुष्कळ होती. तरी तिचा हात आखडलाच. तिनं गीतांजलीकडं पाहिलं, मग वाढली. अर्धी वाटी.