मी कांद्याची, ती धिंगरीची

मी बुरशी बोलतेय. नाक मुरडू नका, भाकरीवर येते ती मी नव्हे. माझं नाव ट्रायकोडर्मा आणि दुसऱ्या बुरशा खाऊन मी जगते. विंचूरजवळ कुसाबाईंच्या शेणखताच्या ढिगात, ओल्या गोणपाटाखाली माझा मुक्काम असतो.

कांद्याची कोवळी रोपं मुळाशी सडवून आडवी पाडणारी एक बुरशी असते. मी तिला वेटोळे घालते आणि पोखरून खाते. खतावर माझा हिरवा रंग दिसला, की कुसाबाई खूश. "आली बाई औषधी," म्हणतात आणि गूळपाणी शिंपडतात. मला आणखी काय हवं?

माझी एक चुलत बहीण आहे. रंग हिरवाच, खाण्याची रीतही तीच. फरक आवडीचा. तिला धिंगरी अळंबी लागते. पुढ्यात आली तर मीही सोडणार नाही, खोटं कशाला बोलू. पण ती धिंगरीवर तुटूनच पडते.

कुसाबाईंच्या सुनेनं, पूजानं, यंदा शेडमध्ये धिंगरी लावली. ओल्या भुशाच्या पिशव्या टांगल्या. "कुत्र्याच्या छत्र्या कोण खातंय?" असं कुसाबाईंचं म्हणणं. पहिलं पीक गेलं तर शेडची कांदाचाळ करायची, हे घरात ठरूनच गेलं होतं. पूजा दिवसभर पिशव्यांपाशी असायची.

एका सकाळी एका पिशवीवर हिरवा डाग दिसला. बहीण आली होती. पूजाचा चेहरा उतरला, कुसाबाईंचा मात्र खुलला.

"अगं, ही तर आपली औषधी. आपल्या पायानं आलीय. थांब, अजून आणते."

आणि माझ्या ढिगातलं पाटीभर खत घेऊन त्या शेडकडे निघाल्या. सुनेचं भलं करायला निघाल्या होत्या, हीच तर पंचाईत. मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

पूजा दारात आडवी उभी राहिली. "आई, ही औषधी काय खाते?"

"बुरशी."

"मग धिंगरी काय आहे?"

कुसाबाई पाटी घेऊन तशाच थांबल्या. पिशव्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "मांजरीला दुधापाशी बसवायला निघाले होते की मी."

मला कांद्याच्या रोपांत टाकलं. पूजानं हिरवी पिशवी बांधून लांब नेऊन पुरली. आणखी दोन-तीन गेल्या, पण बाकीच्या तगल्या.

काल पहिली तोडणी झाली. धिंगरीच्या भाजीत कांदा गेल्या हंगामातला, माझ्या राखणीतला होता, त्याचा मला कोण आनंद. कुसाबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

तुमच्या शेतातही मला जागा द्या. फक्त पुढ्यात काय वाढताय, ते आधी बघा. मी इथं मजेत आहे. मघाशी गूळपाणी शिंपडताना कुसाबाईंनी मला बजावलं, "तू इथंच ऱ्हायचं. तिकडं जायचं नाय." मग मी अंगाला चिकटून जाऊ नये म्हणून त्यांनी अंघोळ केली, लुगडं बदललं, शेडपर्यंत गेल्या आणि स्वतःच्याच अंगणात, सुनेच्या दाराबाहेर थांबून म्हणाल्या, "पूजा, येऊ का गं आत?"