माझ्या मापाचा मका

मित्रांनो, माझ्यावर बसून फोटो काढून झाले असतील तर दोन मिनिटं तसेच बसून राहा. मी एक जुना मका-तोडा आहे. माझ्याशेजारच्या पाटीवर 'विंटेज' असं लिहिलंय. त्याचाही अर्थ जुना असाच आहे, फक्त त्या शब्दाजवळ चहा महाग मिळतो.

माझा जन्म अमेरिकेतला. लहानपणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण यंत्राला लहानपण नसतं. कारखान्यातून बाहेर पडलो तो नोकरीलाच लागलो. मला ट्रॅक्टरच्या अंगावर चढवायचं आणि मक्यात घालायचं. माझी लांब तोंडं ओळींमधून पुढं सरकत, आतले लोखंडी रूळ ताटावरचं कणीस ओढून तोडत, सोलत आणि मागच्या ट्रॉलीत टाकत. ताटं मात्र रानातच उभी राहत, गुरांच्या चाऱ्यासाठी. कामात मी नेटका होतो. पुढं इकडं आल्यावर एका वर्षी मी मालकाचं मुंडासंसुद्धा सोललं. आत कणीस निघालं नाही, एवढंच.

माझ्यासारखेच आणखी दोघं आणि मी, असे तिघं जहाजातून आलो आणि नाशिकजवळच्या एका शेतीफार्मवर उतरलो. आमच्यासमोर नारळ फुटला, भाषण झालं आणि मग आम्हाला शेडमध्ये ठेवून सगळे जेवायला गेले. ते परत आलेच नाहीत. पुढं फार्म मोडीत निघाला. त्या लिलावाला निफाडकडचा भिमाजी आला होता. त्याला विहिरीसाठी मोटार हवी होती. तो आम्हा तिघांना घेऊन गेला.

"मोटार कुठंय?" त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं विचारलं.

"मोटार मागनं. हे बघ तरी."

"काय हाय हे?"

"मका तोडतंय."

"आन विहिरीतलं पाणी कोण काढंल? हे तिघं?"

खरी अडचण पुढं आली. आमच्याकडं अमेरिकेत जुन्या काळी मक्याच्या दोन ओळींमधून घोडा चालायचा. घोडा जाडा होता. त्यामुळं माझं माप पडलं तीन फूट चार इंच. निफाडात मका पेरतात दोन फुटांवर. मी रानात शिरलो की एक ओळ तोंडात यायची आणि दुसरी चाकाखाली. कुणीही शहाण्या माणसानं मला भंगारात दिलं असतं. भिमाजीनं पुढच्या हंगामात सगळा मका तीन फूट चार इंचांवर पेरला.

गाव बांधावर येऊन हसलं. बायडाबाई म्हणाली, "लोकं अंगाच्या मापानं कापड शिवतेत. आमचे हे कापडाच्या मापानं अंग कापतेत."

पण मी चाललो. मला ट्रॅक्टरवर चढवायला अख्खा दिवस जायचा. एकदा चढवलं की भिमाजी माझ्या पत्र्यांच्या मधोमध असा अडकायचा की त्याला खाली उतरता यायचं नाही. मग बायडाबाई बांबूला किटली बांधून चहा वर द्यायची. देताना शिव्याही द्यायची. शिव्यांना बांबू लागायचा नाही. तिच्या गाई-म्हशी मात्र वर्षभर माझ्या मागं उरलेल्या ताटांवर जगायच्या, हे ती कुणाला सांगायची नाही.

माझ्यासारखं यंत्र आसपास कुणाकडं नव्हतं, त्यामुळं सुटे भाग मिळणार कुठून? माझा रूळ झिजला की भिमाजी पहिल्या भावाचा काढून मला लावायचा. साखळी तुटली की दुसऱ्याची. मी दर वर्षी थोडाथोडा माझे भाऊ होत गेलो. दसऱ्याला तिघांनाही झेंडूचा हार असायचा. शेवटी एका भावाचा नुसता सांगाडा उरला होता. हार अडकवायलाही त्याला काही नव्हतं. भिमाजी मग तो हार, कुणाचा हात धरावा तसा, सांगाड्याजवळ धरून उभा राहायचा, आणि बायडाबाई ओवाळायची.

असे पुष्कळ पावसाळे गेले. मग भिमाजीच्या मुलानं, शेखरनं, मक्याच्या रानात द्राक्षबाग लावली. रानात खांब उभे राहिले, तारा ताणल्या गेल्या. त्याचं काही चुकलं नाही. द्राक्षं मला तोडता येत नाहीत. एकदा प्रयत्न केला असता तर रस निघाला असता.

"दादा, हे कुजून जाईल इथं," शेखर म्हणाला. "गंगापूरकडं एक रिसॉर्ट हाय. ते जपतील."

जपतील, या शब्दावर भिमाजी तयार झाला. मग रिसॉर्टची मॅनेजर निकिता मला बघायला आली. भिमाजीनं तिला एकच अट घातली. वर्षातून एकदा मला मक्यात चालवायचं.

"नक्की काका. मका लावू आम्ही. लाइव्ह डेमो! पाहुण्यांना फार आवडेल."

"तीन फूट चार इंचांवर."

"हो काका. चार इंचांवर."

"तीन फूट चार इंच."

"तेच हो."

भावांचं उरलंसुरलं त्याच आठवड्यात भंगारवाला घेऊन गेला. मी इथं आलो. मला लाल रंग मिळाला. तुमची बोटं अडकू नयेत म्हणून माझे रूळ वेल्डिंग करून बंद केले गेले. बोटांच्या बाबतीत माझी तक्रार नाही, मित्रांनो. मीही तेच केलं असतं. आणि कबूल केल्याप्रमाणं समोर मकाही लागला. प्लास्टिकचा. त्याला पाणी लागत नाही, कीड लागत नाही, आणि तो वर्षभर तोडणीला आलेला असतो.

गेल्या दिवाळीनंतर गेटपाशी ओळखीचा आवाज आला. भिमाजी निफाडाहून ट्रॅक्टर घेऊन आला होता. मडगार्डवर बायडाबाई, मांडीवर भाकरीचं फडकं.

"बाबा, ट्रॅक्टर आत नाय," वॉचमन म्हणाला. "रूम बुक हाय का?"

"रूम कशाला? मका तोडायचाय."

वॉचमनच्या नोकरीत असं उत्तर बसत नव्हतं. त्यानं गेट उघडलं.

भिमाजीला आता कमी दिसतं. तो थेट मक्यात शिरला. दोन ओळींमधलं अंतर त्यानं वितीनं मोजलं. "माप बरोबर हाय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला माझा रंग उतरल्यासारखं वाटलं. मग त्यानं एक कणीस धरलं, साल बाजूला केली आणि दाण्यात नख रुतवून पाहिलं. नख आत जाईना.

"पार वाळलाय गं. उशीर केला आपुन."

बायडाबाईनं एक पान बोटांत धरलं. सोडलं. त्या बाईला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

भिमाजी माझ्याजवळ आला. रुळाला हात घालून फिरवायला लागला. रूळ हलला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. मी आतून जमेल तेवढा प्रयत्न केला, मित्रांनो. लोखंडाला जमतं तेवढाच.

"जाम झाला," तो म्हणाला. "मी वर्षभर आलो नाय, म्हणून जाम झाला. माझ्यामुळं."

निकिता धावत आली. "काका, नाही, ते आम्हीच वेल्ड..."

"पोरी," बायडाबाई मध्येच म्हणाली, "ह्यांना जरा पाणी आण."

निकिता पाणी आणायला गेली. बायडाबाईनं वेल्डिंगच्या टाक्यांवरून एकदा अंगठा फिरवला आणि पदर त्यांच्यावर टाकून मला टेकून उभी राहिली.

"थंडीनं आवळलाय तो," ती म्हणाली. "उन्हाळ्यात लोखंड सैल पडतंय. तवा सुटंल."

"सुटंल?"

"न सुटाया काय झालं. चला आता, भाकरी खाऊ."

दोघांनी माझ्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. जाताना त्यानं माझा पत्रा दोनदा थोपटला. आला होता तसाच रिकामा ट्रॅक्टर निघून गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग द्या, पाटी लावा, तिच्याबरोबर फोटो काढा. पण तिला बंद करण्याआधी ज्यानं ती चालवली त्याला एकदा बोलवा. एवढंच माझं मागणं. नाही, अजून एक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी कुणीतरी इथं असेलच. तेव्हा एक म्हातारा माझ्या रुळाशी झटत असेल. हा का सुटत नाही, असं त्यानं तुम्हाला विचारलं, तर सांगा, बाबा, अजून म्हणावं तसं ऊन पडलेलं नाही.